थांबत थांबत चालणारे

माझ्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरून रोज संध्याकाळी पाच चाळीसला आवाज यायचा. "परभणीहून पाथरीमार्गे सोनपेठला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे. प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी." जागा भाड्यानं घेतली त्या आठवड्यात मला वाटलं, आवाज स्टँडवरून येतोय. पण स्टँड तिथून चालत सात मिनिटांवर, आणि मधे एवढी वाहतूक, की तिथलं इथं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मग सिस्टरनं, म्हणजे पहिल्या दिवसापासून माझ्याकडे असलेल्या नर्सबाईंनी, सांगितलं, "ते आपले घरमालक हायत मॅडम. एस.टी.त कंट्रोलर होते. रिटायर होऊन लय वर्षं झाली, पण गाड्या सोडायलेत अजून."

गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. मी काका म्हणायचे. त्यांना हे गाव सोडून आता दीड वर्ष होईल.

उंच, वाळका माणूस. निवृत्तीनंतरही अंगात खाकी शर्टच, फक्त खांद्यावरचे बिल्ले काढलेले. बायको जाऊन दहा-अकरा वर्षं झालेली, एकुलता मुलगा पुण्यात. वरच्या तीन खोल्यांत ते एकटे राहायचे आणि उभ्यानं जेवायचे. "बसून जेवायची सवयच मोडली," म्हणायचे. "घास तोंडात घातला की कुणीतरी खिडकीत येऊन विचारायचं, जिंतूर लागली का?" माझ्या दवाखान्यात रोज यायचे, पण बाकड्यावर कधी बसले नाहीत. दाराला टेकून उभे राहायचे आणि आलेल्या माणसाला नावाऐवजी गावानं आत पाठवायचे. "पिंगळी, पिंगळीचे कोण? चला आत." लोकांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. इतकी वर्षं हाच माणूस त्यांना गाडीत बसवत आलेला.

जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी अनामत रकमेबद्दल विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "उघडणार किती वाजता?"

"दहाच्या सुमारास."

"सुमारास म्हंजे?"

"दहा."

"दहा म्हंजे दहा, का दहा-दहा?"

मी नऊ पंचावन्न म्हटलं तेव्हा त्यांनी किल्ली दिली. त्यानंतर सकाळी मी पोचायच्या आधी ते शटरपाशी घड्याळ बघत उभे असायचे. मला उशीर झाला तर बोलायचे नाहीत. घड्याळ पुन्हा एकदा बघायचे, बस.

मी पायांच्या रक्तवाहिन्यांची डॉक्टर. मूळची सोनपेठची, वडील तिथं शिक्षक होते. शिक्षण झाल्यावर हैदराबादला एका मोठ्या दवाखान्यात काही वर्षं काढली आणि आई-वडील दोघंही गेल्यावर, का ते मलाही नीट सांगता येणार नाही, परभणीला आले. लग्न केलेलं नव्हतं. इकडे साखरेच्या आजारानं आणि बिडी-तंबाखूनं पाय काळे पडलेली माणसं पुष्कळ. पण पायात रक्त पोचतंय की नाही हे नीट तपासायचं तर नांदेड गाठा, नाही तर संभाजीनगर. चिठ्ठी दिली की माणूस मान हलवून जायचा. भाडं, बरोबरच्या माणसाचा बुडालेला रोज, तिथली रांग. यात दोन महिने जायचे आणि तो परत यायचा तेव्हा बोटं वाचवण्यासारखी राहिलेली नसायची.

म्हणून मी तपासणीचं मशीन दवाखान्यातच घेतलं. पुढच्या खोलीत माणूस बघायचा, मागच्या खोलीत त्याच्या पायातलं रक्त बघायचं, आणि तासाभरात समोर बसवून काय ते सांगायचं. कल्पना चांगली होती, गणित वाईट होतं. दोन्ही पायांच्या वाहिन्या मांडीपासून घोट्यापर्यंत बघायला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात एखादं सोनोग्राफी सेंटर चार-पाच पोटं बघून मोकळं होतं. शिवाय पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला पाकीट पोचवायचं नाही असं मी ठरवलेलं, त्यामुळे पाठवणारेही बेताचेच. मशीनचा हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर यायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात सलग तीन दिवस तपासणीला कुणी आलं नाही, मागच्या खोलीचा दिवा लागला नाही. हैदराबादची मैत्रीण फोनवर म्हणाली, "मशीन विक, तू फक्त ऑपरेशनं कर. छोट्या गावात हे चालत नसतं." फोन ठेवला तेव्हा काका दारात होते. त्यांनी ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असं दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"बाई, शेवटची मुक्कामी गाडी कैकदा दोन माणसं घेऊन जायची," ते म्हणाले. "आमचे साहेब म्हणायचे, बंद करा. मी म्हणायचो, त्या गाडीच्या भरवशावर माणूस बाजारात थांबलेला असतो. आज आला न्हाई तो उद्या येईल. पण गाडी एक दिवस लागली न्हाई, तर तो परत कधीच थांबणार न्हाई."

त्याच सुमारास मशीनच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्यानं टेबलावर कागद पसरला आणि उपाय सांगितला. साखर असलेल्या प्रत्येकाचे दोन्ही पाय, दर सहा महिन्यांनी, दुखत असो वा नसो. लिहून द्यायचं काम तुमच्याच हातात आहे, मॅडम. मी त्याला हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. कागद ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी पोटरीत गोळा येतो म्हणून एक बाई आली. हातानं बघूनच कळत होतं, की रक्ताचा काही दोष नाही. तरी मी सिस्टरला म्हटलं, यांना मागे घ्या. काकांनी त्या बाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाई आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "ही तर तरातरा चालत आली की."

मी उठून आत गेले आणि बाईंना मशीनवर न घेताच परत आणलं. पाणी जास्त प्या, मीठ-लिंबू घ्या, म्हणून सांगितलं. कंपनीचा कागद मी फाडला.

माणूस कसा चालतो हे त्यांच्याइतकं बारकाईनं बघणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. सगळी नोकरी त्यांनी चौकशीच्या खिडकीत काढलेली. समोरून हजारो माणसं गाडीकडे चालत गेलेली. धावणारे, रेंगाळणारे, आणि त्यात काही थांबत थांबत चालणारे. एकदा मी त्यांना सांगितलं, पायात रक्त कमी पडलं की ठरावीक अंतर चालून पोटरी भरून येते, माणूस थांबतो, दोन मिनिटांत बरं वाटतं, की परत चालतो. थांबल्याचं लोकांना कळू नये म्हणून दुकानाकडे बघत उभा राहतो. आमच्या शिक्षणात या दुखण्याला टोपणनावच आहे, दुकानं बघायचा आजार.

काका दाराला टेकले होते ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "मग मी लय वर्षं हेच बघायलो होतो. नाव आज कळलं."

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी स्टँडवर जाऊन उभे राहायला लागले. मी सांगितलं नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी एका धनगराला घेऊन आले. पेडगावकडचा माणूस, साठीचा, खांद्यावर घोंगडी, खिशात बिडीचं बंडल.

"फलाट दोनपासून पाणपोईपर्यंत येतो, थांबतो," काका दारातूनच सांगायला लागले. "तिथून खिडकीपर्यंत, परत थांबतो. मला वाटलं, पाणी प्यायला थांबला. पाणी पीत न्हाई. नळाकडं नुसतं बघायलाय."

मी त्या माणसाला विचारलं, "पाय दुखतो का?"

"दुखत न्हाई," तो म्हणाला. मग घोंगडीची घडी मांडीवर नीट करत, "मेंढरं म्होरं जायलीत बाई. म्या मागंच राहायलोय. कुत्रं बी वळून वळून बघतंय माज्याकडं."

आम्ही त्याला मागच्या खोलीत घेतलं. डाव्या पायावर महिन्याभराची, न भरलेली लहानशी जखम होती. डाव्या घोट्याचा दाब दंडाच्या दाबाच्या निम्मा. मांडीतली मोठी वाहिनी मधेच बंद, आजूबाजूच्या बारक्या वाटांनी रक्त कसंबसं खाली उतरत होतं. मी त्याला पडद्यावर दाखवलं. त्यानं एकच विचारलं, "तोडावा लागंल का?"

"आत्ता नाही. बिडी सोडली, गोळ्या घेतल्या आणि रोज चाललात, तर कदाचित कधीच नाही."

"चालू? चालल्यावरच तर दुखतंय."

"दुखेपर्यंत चालायचं. दुखलं की थांबायचं. थांबलं की परत चालायचं. त्यानंच बारक्या वाटा मोठ्या होतात."

तो माणूस सहा महिन्यांनी आला तेव्हा बंडल खिशात नव्हतं आणि पायावरची जखम भरली होती. मेंढरांमागं ओढ्यापलीकडं जाऊन येतो म्हणाला. माझ्या मशीननं काय केलं असं कुणी विचारलं, तर मी या एका पायाचं सांगते. नांदेडची चिठ्ठी दिली असती तर तो गेला नसता, हे मला पक्कं माहीत आहे.

त्याच्यामागोमाग काकांनी आणखी बरेच आणले. मागच्या खोलीचा दिवा रोज लागायला लागला. दुपारी दोनला मी डबा उघडायचे तेव्हा ते दाराशी उभे राहून सकाळी कोण कुठे किती वेळा थांबलं ते सांगायचे. घरी गेल्यावर माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. ती दुपारची वीस मिनिटं माझ्या दिवसाचं सगळं बोलणं असायचं. हे तेव्हा मला कळत नव्हतं.

मग फोन आला. शहरातले एक ज्येष्ठ डॉक्टर, मला अधूनमधून पेशंट पाठवणारे. आवाज गोड होता. "मॅडम, तुम्ही स्टँडवर माणूस ठेवलाय म्हणे. असं आपल्यात कुणी करत नाही. लोक दलाल म्हणायला लागलेत. तुमच्या चांगल्यासाठी सांगतो."

मी त्यांना खरं काय ते सांगू शकले असते. सांगितलं नाही. दोन दिवस तो शब्द डोक्यात घेऊन फिरले आणि रविवारी दुपारी वर गेले.

काका उभ्यानं लसूण सोलत होते. घरात एकच खुर्ची, तीही वर्तमानपत्रांनी भरलेली. मी उभीच राहिले.

"काका, तुम्ही स्टँडवरून माणसं आणू नका."

त्यांचा हात थांबला. "का बरं?"

"लोक बोलतात. दलाल ठेवलाय म्हणतात."

"मी कुणाकडून एक रुपया घेतला का? तुमच्याकडून, न्हाई तर त्यांच्याकडून?"

"नाही. मला माहीत आहे."

"मग खामखा..."

"दिसतं तसं. मला या गावात राहायचंय, काका."

ते लसणाच्या पाकळीकडे बघत म्हणाले, "राहायचं तर मला बी हाय." आणि नंतर, "बरं."

तो "बरं" इतका साधा होता की मला सुटल्यासारखं वाटलं. मी खाली आले. दुसऱ्या दिवशी शटरपाशी कुणी नव्हतं. दुपारी दाराशी कुणी नव्हतं. संध्याकाळी पाच चाळीस झाले, पावणेसहा झाले, वरून आवाज आला नाही. आपलं बोलणं, आपला आवाज, सगळंच या बाईला त्रासाचं होतंय असा त्यांनी अर्थ घेतला असावा. वर जाऊन, तसं नाही हो, एवढं म्हणायला मला एक मजला चढायचा होता. मी चढले नाही. आज उद्या करत महिना गेला. पेशंट कमी झाले, पण त्याचं फारसं वाटलं नाही. मी स्वतःला पकडलं ते वेगळ्याच गोष्टीत. एका आजोबांची तपासणी संपली होती आणि मी त्यांना त्यांच्या नातवंडांची नावं विचारत बसले होते. बाहेर दुसरं कुणी नव्हतं. आजोबांना गाडी गाठायची होती.

मग एक दिवस तपासणीच्या खोलीच्या खिडकीतून मला काका रस्त्यानं जाताना दिसले. घड्याळाच्या दुकानापाशी थांबले. दोन-तीन मिनिटं. मग खताच्या दुकानापाशी. मग कोपऱ्यावर, बांगड्यांच्या दुकानासमोर. एकटा म्हातारा माणूस बांगड्यांकडे बघत उभा. दुसऱ्या दिवशी परत तसंच, तिसऱ्या दिवशीही. लोकांचे पाय ओळखणाऱ्या माणसाच्या पायाकडे मी इतक्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं.

सिस्टरला पाठवून त्यांना बोलावून घेतलं. ते आले, पण दारातच उभे. "बाई, मला काही न्हाई झालं."

"मला बघू तर द्या."

त्यांनी बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले. स्वच्छ पाय, कापलेली नखं. मी दंडाचा दाब घेतला, घोट्याचा घेतला. मग वाहिन्या बघत गेले, मांडीतून गुडघ्यामागे, तिथून खाली. पाऊण तासाऐवजी तास लावला, काहीतरी सुटत असेल म्हणून. मशीनमधून आवाज येत होता, भरदार, एका लयीत.

"हा माझाच?" काकांनी विचारलं.

"तुमचाच."

"लय जोरात हाय की."

काहीच नव्हतं. त्या वयाच्या माणसाचे इतके मोकळे पाय मी क्वचित पाहिले असतील. मी जेली पुसायला कापूस दिला आणि म्हटलं, "काका, पाय उत्तम आहेत. मग थांबता कशाला? तीन दिवस बघतेय मी."

ते पाय पुसत राहिले. पाय कधीच कोरडे झाले होते.

"घरून स्टँडवर सात मिनिटं लागतात," ते म्हणाले. "थांबत थांबत गेलं की अर्धा तास होतो. यायला अर्धा. असा तास निघतो."

सिस्टर खोलीतून बाहेर गेली. मी त्या रिपोर्टवर दोष नाही असं लिहिलं आणि सही केली. तो खरा होता.

"उद्यापासून खाली या," मी म्हटलं.

"लोक बोलतील."

"बोलू द्या. मी चुकले, काका."

त्यांनी मोजे घातले. "नऊ पंचावन्नला ना?" म्हणाले.

स्टँडवर ते परत गेले नाहीत. मी त्यांना दुसरं काम दिलं. चाला म्हणून सांगितलेले पेशंट घरी जाऊन चालत नाहीत; दुखलं की बसतात ते बसतातच. तर आठवड्यातून तीनदा अशा माणसांना काकांनी दवाखान्यासमोरच्या गल्लीत चालवायचं. ते एकेकाला बरोबर घेऊन निघायचे, तो थांबला की थांबायचे, त्याला त्याच्या गावाच्या गाड्यांचं विचारायचे, दुखणं ओसरलं की, "चला, वेळ झाली." माणसं खरंच चालायला लागली. घरी जाऊन दुसऱ्यांना सांगायला लागली. फोन करणाऱ्या त्या ज्येष्ठ डॉक्टरांनी वर्षाअखेरीस स्वतःच्या मेव्हण्याला पाठवलं, आणि काकांनी त्यालाही इतरांसारखंच गल्लीत चालवलं. मशीनचा हप्ता मशीनच्याच कमाईतून जायला लागला. त्यातून माझ्या हातात फार काही उरत नव्हतं, आजही उरत नाही. पण भागतं.

गल्लीतलं हे चालणं अकरा महिने चाललं. मग काका न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, नुसता मुका मार. तरी मुलगा गाडी घेऊन आला. चांगला मुलगा होता. "एकटं कसं ठेवू, मॅडम," म्हणाला. काका गाडीत मागे बसले. वरच्या तीन खोल्यांत आता कोचिंग क्लास आहे.

त्या हिवाळ्यात मी पुण्याला डॉक्टरांच्या परिषदेला गेले आणि एक दुपार काढून त्यांच्याकडे गेले. नववा मजला. मुलगा कामावर, नातू शाळेत. सूनबाईंनी दार उघडलं. "बाबा गॅलरीत आहेत. आज सकाळपासून शर्ट बदलून बसलेत."

काका खुर्चीत बसलेले होते. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. खाली सोसायटीची बाग होती, आणि तिच्या कडेनं फरशीची वाट गोल फिरून जिथून निघाली तिथंच येत होती.

"चालता का खाली जाऊन?" मी विचारलं.

"चालतो. सगळे कानात वायरी घालून चालायलेत इथं. थांबत कुणीच न्हाई." मग विचारलं, "तुमचं ते चालू हाय ना?"

"चालू आहे. मागच्या खोलीचा दिवा रोज लागतो."

"बास मग."

सूनबाई आत चहा करत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. काकांनी वाकून उजव्या पायातली सपात बाजूला केली आणि पाय थोडा पुढे सरकवला.

"बघता का जरा?"

"काका, मशीन नाही माझ्याकडे."

"हातानं बघा."

मी फरशीवर खाली बसले. पाय थंडगार होता. गॅलरीत वारं होतं. पावलाच्या वर, अंगठ्याच्या रेषेत, दोन बोटं ठेवली. नाडी लगेच सापडली, ठसठशीत. चांगलं आहे हे पहिल्या दोन ठोक्यांतच कळलं होतं. काका बागेकडे बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, आणि सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात येईपर्यंत मी बोटं तशीच ठेवली.